फोटो माझे, पुस्तक कोणाचं?

सुरसागरकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी धागा काढतोय, चुकलंमाकलं पोटात घाला.

बँकेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. कॅमेरा त्याच महिन्यात घेतला, कारण मी दिवसभर घरात बसलो तर रोज भांडण होणार हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. इकडे बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा भागात मराठी कुटुंबांची जुनी घरं भराभर पडत होती. गायकवाडांच्या चाकरीला देशावरून, कोकणातून आलेल्यांची घरं. लाकडी खांब, माडी, आणि कुठल्यातरी अंधाऱ्या कोपऱ्यात देवघर. वाड्यांचे फोटो पुष्कळ जण काढतात. तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं तर पुरातत्त्व खात्यानं सांभाळली आहेत. देवघराकडे मात्र कुणी बघत नाही. म्हणून मी देवघरंच धरली. फ्लॅश नाही, देवांची मांडणी हलवायची नाही, खिडकीतून येईल तेवढाच उजेड. अशी १४३ घरं झाली.

त्यातले निवडक (माझ्या मते निवडक) ३४० फोटो गेल्या दिवाळीत भाचीच्या हाती दिले. ती इथल्याच फाइन आर्ट्स कॉलेजात शिकली, आता अहमदाबादला पुस्तकांची मांडणी करते. म्हटलं, मामाच्या फोटोंचं एक पुस्तक करून दे. परवा ती डमी, म्हणजे पुस्तकाची नमुना प्रत, घेऊन आली. ६४ पानं. फोटो किती? ४१! पहिली चार पानं नुसती कोरी. मध्येमध्येही डावं पान कोरं. एक फोटो तर काडेपेटीएवढा, भल्यामोठ्या पानाच्या तळाला टाकून दिलेला. बहुतेक फोटोंचा रंग काढून टाकलाय. हळदीकुंकवाचा रंग काढला तर देवघरात राहिलं काय? घरांची नावं शेवटच्या पानावर बारीक टायपात.

आणि माझा सगळ्यात चांगला फोटो नाहीच. आमच्या शेजारच्या काकू समई लावताहेत, चेहरा डावीकडे, ज्योत बरोब्बर मधोमध, आणि त्या कॅमेऱ्याकडे बघून हसल्यात. हा फोटो ज्यानं ज्यानं पाहिला तो दोन मिनिटं थांबला आहे. तो का नाही, तर म्हणे "बसत नाही."

वर तिचं म्हणणं असं की मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर तिचं नाव माझ्या नावाएवढ्याच टायपात यावं. भाची लाडकी आहे, पैसे एक रुपया घेत नाहीये, त्यामुळे तोंडावर काही बोललो नाही. पण मनातून खट्टू झालोय. नऊ वर्षं जिने मी चढलो. पुस्तक नक्की कोणाचं?

चिंतातुर_चिंतू

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.
काका, तुम्हाला हवाय तो करिझ्मा अल्बम. एका पानावर सात फोटो, कडेनं गुलाबाची वेल, मध्ये "शुभ देवघर". लग्नाच्या फोटोवाल्याला सांगा, आठवड्यात देईल. (दिवा घ्या, गंमत करतोय.)

माळव्याची_मैना

चिंतू, तुला हसायला काय जातं. सुरसागरकाठ, फोटो टाका ना इथे दोनतीन. विशेषतः काकूंचा.
मी इंदूरची, म्हणून आमच्याकडची एक गोष्ट सांगते. छायाचित्रकार लाला दीनदयाळ हे नाव सगळ्यांनी ऐकलं असेल. रुडकीला शिकले आणि इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला लागले. फोटोग्राफी इथेच सुरू झाली, तुकोजीराव होळकरांचा पाठिंबा मिळाला. पुढे निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले ते नंतरचं. १८८२ साली लेपेल ग्रिफिन या इंग्रज एजंटाबरोबर ते मध्य भारतातली मंदिरं, किल्ले टिपत हिंडले आणि १८८६ मध्ये त्या फोटोंचं जाडजूड पुस्तक निघालं. मजकूर ग्रिफिनचा. आता सांगा, लोक ते पुस्तक कशासाठी उघडतात? मजकूर कोण वाचतं आज? तरी ग्रंथालयाच्या यादीत ते ग्रिफिनच्या नावाखाली सापडतं.
म्हणून नावाचं प्रकरण आत्ताच, छापण्याआधी, मिटवा. भाची रागावून गेली तर दुसरी मिळणार नाही.

खिळेजुळाऱ्या

मी छापखान्यात हाताने खिळे (शिशाची अक्षरं) जुळवण्यापासून ऑफसेटपर्यंत सगळं केलंय, आता डोळे थकले. धागाकर्त्यांचं दुःख समजलं, पण बाजू भाचीची घेणार.

आपल्या मराठी वाचकाला पुस्तकात फोटो म्हणजे काय हे कशानं शिकवलं? ब्लॉकनं. फोटोचा जस्ताचा हाफटोन ब्लॉक करायचा, म्हणजे जाळीतून फोटो बारीक ठिपक्यांत फोडायचा. साध्या कागदावर बारीक जाळी भरून जायची, सगळं काळं व्हायचं, म्हणून तिथे ६५ ची (इंचाला ६५ रेघांची) ढोबळ जाळी. चांगला फोटो हवा तर १२० ते १३३ ची जाळी आणि आर्ट पेपर. पण अख्खं पुस्तक आर्ट पेपरवर कुणाला परवडतंय? मग आठ चकचकीत पानं वेगळी छापून मध्ये कुठेतरी घुसडायची. जुनं कुठलंही चरित्र उघडा. नायकाचं बालपण चाललंय आणि पान उलटलं की त्याची अंत्ययात्रा. फोटो म्हणजे मजकुराची पुरवणी, हे तिथून डोक्यात बसलं. ऑफसेटनं ती अडचण कधीच संपवली, सवय मात्र राहिली.

आता तुमच्या ६४ पानांचा हिशेब. २० बाय ३० इंची कागद, त्यातून साडेसात बाय दहाची १६ पानं निघतात, म्हणजे एक फर्मा. ६४ पानं म्हणजे चार फर्मे. चार रंगांत छापायचं तर एका फर्म्याला दोन्ही बाजू मिळून आठ प्लेटा, एकूण ३२. भाचीनं रंगीत फोटो कोणत्या पानांवर ठेवलेत ते बघाल का? मला वाटतं ३३ ते ४८ च्या आतच असतील.

सुरसागरकाठ

अहो, चमत्कार! रंगीत बारा आहेत आणि पहिला ३४ वर, शेवटचा ४७ वर. तुम्हाला कसं कळलं? आणि उरलेले नुसते काळे नाहीत, जरा तपकिरी झाक आहे.

खिळेजुळाऱ्या

तिसरा फर्मा तेवढा रंगीत. त्याच्या आठ प्लेटा. बाकीच्या तीन फर्म्यांना काळी शाई आणि जोडीला एक उबदार करडी, म्हणजे दोन रंग, प्रत्येकी चार प्लेटा. बारा आणि आठ, वीस. तुमच्या बारा प्लेटा वाचवल्या पोरीनं. आणि नुसत्या एका काळ्या शाईत फोटो छापला तर सावल्या मेल्यासारख्या दिसतात, दोन शायांत त्यांना खोली येते. अंधारी देवघरं, म्हणजे सगळं कामच सावल्यांचं. डोकं आहे तिला.

कोरंपान

पुण्याहून. मी मांडणीचंच काम करते, म्हणून राहवत नाही.

रॉबर्ट फ्रँक या स्विस छायाचित्रकारानं १९५५-५६ मध्ये अमेरिका पालथी घातली. २७ हजारांच्या वर फ्रेम काढल्या आणि पुस्तकात घेतल्या ८३. ८३! धागाकर्त्यांच्या ३४० मधले ४१ म्हणजे भाची दिलदार म्हणायची. पण मला सांगायचंय ते वेगळंच. हे पुस्तक आधी १९५८ मध्ये पॅरिसला निघालं, तेव्हा फोटोंच्या समोर अमेरिकेबद्दलचे निरनिराळ्या लेखकांचे उतारे होते. वाचक उतारा वाचायचा आणि फोटो त्याचा पुरावा म्हणून बघायचा. पुढच्या वर्षी न्यू यॉर्कची आवृत्ती आली. तेच ८३ फोटो. उतारे गेले, पुढे जॅक केरुअॅक या अमेरिकन लेखकाची प्रस्तावना, फोटो उजव्या पानावर एकटा आणि डावं पान जवळजवळ कोरं. लोक ज्या पुस्तकाबद्दल आजही बोलतात ते हे दुसरं. फोटो तेच होते हो, बदललं होतं समोरचं पान.

आपल्याकडे दयानिता सिंग बघा. अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) शिकलेली बाई, म्हणजे मुळात मांडणीच्याच घरातली. ती फोटो भिंतीला टांगण्यापेक्षा पुस्तकाला जास्त मान देते. २०१७ मध्ये तिनं घडीच्या छोट्या छोट्या पुस्तिका एका पेटीत घालून काढल्या. हव्या तशा उलगडून घरात कपाटावर मांडायच्या, झालं तुमचं प्रदर्शन. तिथे फोटो कुठे संपला आणि पुस्तक कुठे सुरू झालं ते वेगळं काढताच येत नाही.

पोळीवाला_बंडू

वाचनखूण साठवली.
पण मी काकूंच्या बाजूनं. मीही बडोद्याचाच, घडियाळी पोळ (पोळ म्हणजे गल्ली). ज्योतीभाई भट्टांचे फोटो आठवा. १९५० मध्ये फाइन आर्ट्स सुरू झालं तेव्हाच्या पहिल्या मुलांतले ते. चित्रकार, छापचित्रकार, आणि १९६७ पासून गावोगाव फिरून भिंतीवरची चित्रं, रांगोळ्या टिपत राहिले, २०१९ ला पद्मश्री मिळाली. त्यांच्या फोटोत नुसती भिंत नसते. भिंत सारवणारी बाई असते, दारात पोर असतं, बैल असतो. माणूस काढून घेतला तर कलाकुसर वस्तुसंग्रहालयातली होऊन जाते. मग इथे पूजा करणाऱ्या काकूच का नकोत? भाचीबाई ज्या आवारात शिकल्या तिथलंच उदाहरण देतोय.

चिंतातुर_चिंतू

बंडूशेठनी गाजवलं. आता भाचीला बोलवाच.
अवांतर: घडियाळी पोळीजवळ सेवउसळ चांगली कुठे मिळते?

पोळीवाला_बंडू

अवांतराला उत्तर: जागा सांगितली की गर्दी होते. ये बडोद्याला, नेतो. तर्री वेगळी मागायची आणि पाव दोनच, हे लक्षात ठेव.

भाची_तीच

मामा, तू धागा काढलास आणि मला सांगितलं नाहीस! आईनं लिंक पाठवली. मी खास खातं उघडलंय आता.

तोंडावर विचारलं असतंस तर तिथेच सांगितलं असतं. असो, इथेच सांगते, म्हणजे बंडूकाकांनाही उत्तर होईल.

आधी काडेपेटी. तो फोटो टाकांचा आहे. घर नंबर ८७, सहा चांदीचे टाक, झिजून नाकडोळे गेलेले. तू लेन्स लावून इतक्या जवळून काढलास की स्क्रीनवर ते परातीएवढे दिसतात. मी त्या घरी परत गेले, फूटपट्टी घेऊन. उंचातला उंच टाक पावणेदोन इंच. पुस्तकातही तो पावणेदोन इंचच आहे. पानाच्या तळाला आहे कारण ते देवघर जमिनीलगत आहे. ते पान आलं की वाचक वाकतोच. मी चार जणांच्या हातात डमी देऊन बघितली, चौघांनी मान खाली घातली. देवासमोर घालतात तशीच.

कोरी पानं. तू मला वहीत घरांची यादी दिली होतीस, त्यात काही नावांपुढे "पडलं" लिहिलंय. फोटो काढून झाल्यावर पडलेली घरं. पुस्तकातल्या चाळीस-एक घरांपैकी अकरा. त्या अकरांच्या समोरचं पान मी कोरं ठेवलं. कुठेही लिहिलेलं नाही. शेवटच्या पानावरची बारीक नावं वाचली की कळतं, नाही कळलं तरी चालेल.

रंग. तू झेंडूच्या तोरणांसाठी भांडणार हे माहीत होतं. मामा, स्क्रीनवर जो केशरी दिसतो तो चार शायांत छापताच येत नाही. पिवळी अधिक किरमिजी शाई मिळून जो केशरी होतो तो पेटत नाही, शिळ्या फुलांचा होतो. मी तुझे चाळीस तोरणांचे फोटो प्रूफला काढून बघितले. बारा टिकले, कारण त्यांत उजेडच मंद आहे. तेवढे रंगात ठेवले, ते बरोब्बर एका फर्म्यात बसवले हे खिळेजुळाऱ्या काकांनी ओळखलंच. खरं सांगते, सुरुवात पैशामुळे झाली. एकच फर्मा परवडत होता. मग लक्षात आलं की ३२ पानं अंधारात चालल्यावर एकदम हळदकुंकू दिसणं आणि १६ पानांनी ते पुन्हा विझणं, हे मला आधी सुचायला हवं होतं.

आता काकू. मी तो फोटो गाळला कारण तो फार चांगला आहे. हसू नकोस. उरलेल्या ४१ फोटोंत एकही माणूस नाही. पाट आहे, ओला पंचा आहे, पोथीवर उघडा चष्मा आहे. माणूस आत्ता उठून आत गेलंय. हे तूच केलंस, नऊ वर्षं, सलग, आणि तुला ते कळलंच नव्हतं. ज्योतीभाईंच्या फोटोत माणूस सुरुवातीपासून शेवटपर्यंत आहे, तो त्यांच्या बघण्याचा भाग आहे. तुझ्यात तो नाहीये. काकू एकट्याच येतात, आणि त्या आल्या की पुस्तक त्यांचं होतं.

आणि एक. तुला तो फोटो इतका का आवडतो? त्या दिवशी काकूंनी तुला गूळपोळी खायला लावली होती, आणि दोन महिन्यांनी त्या गेल्या. आम्हाला सगळ्यांना हे ठाऊक आहे, म्हणून आम्ही दोन मिनिटं थांबतो. बडोद्याबाहेरच्या वाचकाला फक्त एक हसऱ्या आजी दिसणार.

नावाचं: सेम टायपात नको असेल तर नको. पण "मांडणी" एवढंच लिहिणार असशील तर अजिबात लिहू नकोस. मी आजोळच्या माडीवर ३४० प्रिंट पसरून अकरा रविवार त्यांवर रांगलेय. त्याला मांडणी नाही म्हणत.

माळव्याची_मैना

भाचीबाई, टाकांचं वाचून अंगावर काटा आला. मामा, द्या हो नाव.

वकिलाचा_काळाकोट

कोरडा प्रतिसाद देतो, राग मानू नये. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार (१९५७) फोटोचा हक्क काढणाऱ्याचा. कुणी पैसे देऊन काढवून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल तर पैसे देणाऱ्याचा. इथे काका स्वतःच्या हौसेनं हिंडले, म्हणजे हक्क काकांचा, हयातभर आणि त्यांच्या पश्चात ६० वर्षं. भाचीच्या क्रमाचं, मांडणीचं काय, हे नात्यात असलं तरी एका कागदावर लिहून घ्या. दोघांच्याही पश्चात वारस येतात आणि वारसांना गूळपोळी आठवत नसते.
घरांच्या लोकांची संमती घेतलीय ना? देवघर ही खासगी जागा आहे. चार ओळींचं पत्र पुरे.
आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) सरकारकडून फुकट मिळतो, दलालाला पैसे देऊ नका. आणि पुस्तक निघालं की १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते. फोटोंच्या महागड्या पुस्तकांचे लोक नेमकं हे टाळतात.

खिळेजुळाऱ्या

भाचीला नमस्कार. तरी प्रेसवाला म्हणून काकूंसाठी एक तोड सुचवतो, घ्या न घ्या.
साडेसात बाय दहाची दोन पानं उघडली की १५ बाय १०, म्हणजे कॅमेऱ्याची ३:२ चौकट त्यात पुरी भरते. मग मधोमध असलेली ज्योत नेमकी घडीत जाणार, ही भीती. पण सगळ्या घड्या सारख्या नसतात. फर्म्याच्या पोटातली दोन पानं, म्हणजे ८-९, २४-२५, ४०-४१, ५६-५७, एकाच कागदावर शेजारी शेजारी छापलेली असतात. बाकी ठिकाणी डावा अर्धा एकीकडे, उजवा अर्धा दुसरीकडे, आणि बाइंडिंगला केसभर जरी सरकलं तरी ज्योत दुभंगते. पोटात तसं होत नाही. शिवण बाइंडिंग केलंत तर तिथे पुस्तक सपाट उघडतं आणि मधोमध दोरा दिसतो. ४०-४१ तर रंगीत फर्म्याचं पोट. एक डमी करून बघा. डिंकाचं परफेक्ट बाइंडिंग मात्र नको, चार वेळा उघडलं की पानं हातात येतात.

कोरंपान

काका, हे सोनं आहे. कॉलेजात आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं, पहिलं पुस्तक बिघडल्यावर कळलं.

सुरसागरकाठ

आठ दिवस गप्प होतो, कारण डमी शिवत होतो. स्वतः. भाचीचा क्रम तसाच ठेवला, फक्त ४०-४१ वर काकूंना बसवलं.

पहिला प्रयत्न फसला. पानं पापडासारखी ताठ उभी राहायची, मिटेचनात. खिळेजुळाऱ्या काकांना व्यनि (खासगी निरोप) केला तर म्हणाले कागद आडवा लागलाय, ग्रेन, म्हणजे कागदाच्या तंतूंची दिशा, पुस्तकाच्या पाठीच्या कण्याला समांतर हवी. कागदाची पट्टी ओली केली की ती ज्या बाजूनं वळते त्यावरून ओळखायचं. हिनं मला मोरीत कागदाच्या पट्ट्या भिजवताना पाहिलं आणि काही न बोलता चहा ठेवला.

दुसऱ्यांदा जमलं. आणि काय सांगू मंडळी, ४०-४१ उघडलं तर शिवणीचा पांढरा दोरा बरोब्बर समईतून वर गेलेला. वात! मी भाचीला तेव्हाच फोन केला. ती म्हणाली, छान दिसत असेल मामा, पण आता ते कुणालातरी दाखव, मला नको.

म्हणून काकूंच्या मुलाकडे गेलो. तो आता मांजलपूरला फ्लॅटमध्ये राहतो. त्यानं पहिल्यापासून पानं उलटायला सुरुवात केली. टाकांपाशी वाकला, हे मी नीट पाहिलं. ४० वर आला आणि थांबला. "आई," एवढंच म्हणाला. बराच वेळ पान धरून बसला. मला वाटलं, जिंकलो.

मग तो पुन्हा पहिल्या पानावर गेला. आणि या वेळी प्रत्येक फोटोला विचारायला लागला, "इथलं कोण? यांच्याकडचं कुणी नाही का काढलं? ही बाई कुठे गेली?" उरलेल्या घरांत तो माणसं शोधत होता. मघाशी ज्या पंच्यावर, चष्म्यावर त्याची नजर थांबली होती, तिथून आता ती नुसती घसरून जात होती. वीसेक पानांनंतर त्यानं पुस्तक मिटलं.

रिक्षातून येताना भाचीला मेसेज केला, काकू काढ. तिचा उलट मेसेज आला नाही, रात्री घरीच आली.

काकूंचा फोटो १२ बाय १८ चा करून, चौकट लावून त्यांच्या मुलाला दिला. ४०-४१ वर आता मूळचीच दोन देवघरं आहेत, समोरासमोर. दोऱ्याची वात गेली त्याचं वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू.

आतल्या पानावर असं ठरलं: वर माझं नाव, त्यापुढे "छायाचित्रं". खाली तिचं, त्यापुढे "निवड, क्रम आणि मांडणी". टायप एकच. तिला तिचं नाव वरती नको होतं, मला चाललं असतं. ३०० प्रती काढतोय. कोऱ्या पानांबद्दल हिची अजून तक्रार आहे, तेवढ्या कागदात आणखी अकरा देवघरं बसली असती म्हणते.

चिंतातुर_चिंतू

काका, एक प्रत माझी. गुलाबाची वेल मी पेनानं काढून घेईन.

पोळीवाला_बंडू

मी हरलो, पण काकूंचा फोटो बघायला तुमच्याकडे येणार. मोबाइलवर तरी दाखवा.

भाची_तीच

खिळेजुळाऱ्या काका, ३०० पैकी २५ प्रती मी आणि मामा हातानं शिवणार आहोत. मामाच्या डमीत दोरा मधूनच सैल पडलाय. सुई कोणती घेऊ?

खिळेजुळाऱ्या

गोधडीची चालेल, फार जाड नको, भोक मोठं झालं की फर्मा हलतो. भोकं आधी टोच्यानं पाडून घ्या, चारही फर्म्यांना एकाच मापानं. दोऱ्यावर मेणबत्ती दोनदा ओढा. आणि गाठ आतल्या बाजूला, पोटात.